लिस्बनला खायचं कुठे? (नवरा मासेखाऊ, सासूबाई अंडंही न खाणाऱ्या)

सावनी_के
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आठवडाभर लिस्बनला जातोय. विमान, राहायचं सगळं झालं, खाण्याचं तेवढं राहिलंय. नेटवर 'टॉप टेन' वाचून डोकं फिरलं, सगळ्यांची नावं तीच आणि फोटोही तेच. आमची पलटण अशी: मी बीफ सोडून सगळं खाते, नवरा मालवणचा, मासे दिसले की त्याला बाकी जग दिसत नाही, लेक नऊ वर्षांचा, चिकन आणि बटाटा यावर जगतो, आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तुम्ही स्वतः जिथे जेवलात आणि पुन्हा गेलात तर नक्की जाल अशाच जागा सांगा. थेपले न्या असं कृपया कुणी सांगू नका, ते ऑलरेडी बांधलेत.

फिरस्ता
पाश्तेइश द बेलें. कस्टर्डच्या छोट्या टार्टचं १८३७ पासूनचं दुकान आहे, शेजारच्या जेरोनिमुश मठातली पाककृती, राजवटीनं मठ बंद केले तेव्हा बाहेर आली आणि अजूनही म्हणे मोजक्या लोकांनाच माहीत आहे. बाहेरची रांग बघून परत फिरू नका, ती बरीचशी पार्सलवाल्यांची असते. आत शिरलात की निळ्या फरशांच्या भिंती, खोलीमागून खोली, शेकडो माणसं बसतील एवढी जागा. टेबलावर दालचिनी आणि पिठीसाखर असते, दोन्ही भुरभुरा आणि गरम असतानाच खा. मठात वास्को द गामाची कबर आहे, ती आधी बघून घ्या, नंतर उठवत नाही.

डॉ_भुक्कड
बेलें ओव्हररेटेड. सॉरी फिरस्ता. शियादोजवळ कामोंइश चौकात मांतेइगारिया आहे तिथे जा. बसायला जागा नाही, काउंटरला उभं राहून खायचं. काचेपलीकडे पोरं पिठाच्या गोळ्या साच्यात टाकून अंगठ्यानं दाबत कडेपर्यंत चढवत असतात, ते बघतच राहावं. नवीन घाणा निघाला की घंटा वाजते. वरचा थर जागोजागी काळपट जळलेला हवा, तो जळका भागच खरी मजा. सोबत बिका, म्हणजे त्यांची छोटी कडक कॉफी.

फिरस्ता
@डॉ_भुक्कड बेलेंचं कवच जास्त कुरकुरीत असतं आणि आतलं कस्टर्ड कमी गोड. यावर मी कोर्टात जायला तयार आहे.

मध्यमवर्गीय
दोन्हीकडे खा की. दीड युरोच्या आसपासची वस्तू, त्यात भांडण कसलं.

सावनी_के
पण त्यात अंडं असणार ना?

डॉ_भुक्कड
अंडंच असतं, बाकी नावाला. तिकडची निम्मी मिठाई मठांतून आलीये आणि सगळीचा पाया पिवळा बलक. असं सांगतात की नन्स पांढरं कपड्यांच्या खळीला वापरायच्या आणि बलक उरायचे, मग साखर घालून संपवायच्या. थोडक्यात सासूबाईंसाठी गोडाचं काउंटर बंद.

लिस्बोआकर
इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

पहिली गोष्ट म्हणजे जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. इथलं खरं जेवण दुपारचं. साडेबारा ते अडीचच्या मध्ये कुठल्याही गल्लीतल्या तश्कात (छोटी, घरगुती खानावळ, कागदाचा टेबलक्लॉथ, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल) शिरा, दारावर नाहीतर काउंटरवर हातानं लिहिलेला कागद असतो, प्रातु दु दिया, म्हणजे आजचं जेवण. दोन-तीनच पदार्थ असतात, मासा, मांस, कधी ऑक्टोपस. भाग्यात असेल तर १०-१२ युरोत सूप, मुख्य डिश आणि कॉफी होते. तेच रात्री करायला गेलात तर बिल दुप्पट आणि भोवती सगळे तुमच्यासारखेच टूरिस्ट. आम्ही इथली माणसं ऑफिसातून उठून दुपारी हेच खातो. संध्याकाळी सातला जेवायला गेलात तर वेटर खुर्च्या मांडत असतो, साडेआठनंतर जा.

दुसरी, हाफ प्लेट मिळते, 'मेया दोज़' म्हणायचं. ती एका माणसाला पुरून उरते. चौघांनी चार पूर्ण मागवू नका.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, कुव्हेर. बसल्याबसल्या टेबलावर ब्रेड, ऑलिव्ह, चीज, कधी सार्डिनची पेस्ट आणून ठेवतात. आपल्याला वाटतं वेलकम ड्रिंकसारखं फुकट आहे. नाही. हात लावलात की बिलात लागतं. मागितलेलं नसेल आणि खाल्लंही नसेल तर कायद्यानं पैसे लावता येत नाहीत, सरळ 'नको, नेऊन टाका' म्हणायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण चीज आणि ऑलिव्ह चांगली दिसली तर खा, एवढं काही महाग नसतं.

रुआ ऑगुस्ता आणि बैशाच्या चकचकीत रस्त्यांवर जिथे माणूस दारात मेनूकार्ड घेऊन तुम्हाला हाका मारतो आणि मेनूवर जेवणाचे फोटो असतात, तिथून शांतपणे पुढे चालत राहा.

टकलूशेठ
@लिस्बोआकर हाका मारणारे फक्त तिकडेच असतात असं समजू नका, कधीतरी आमच्या महाबळेश्वरला या.

कुरकुऱ्या
कुव्हेरचा अनुभव आहे. तिकडच्या एका फोटोवाल्या मेनूच्या हॉटेलात आमच्या बिलात ब्रेडबिड धरून चौघांचे पंधरा-वीस युरो नुसते त्याचेच लागले होते. वर ऑक्टोपस असा की दातांची परीक्षा. नाव नाही लिहीत, पण त्या रस्त्यावर एकच असं आहे असंही नाही.

वेंगुर्लेकर
नवरा मालवणचा म्हणता तर हा प्रतिसाद त्याच्यासाठी.

सार्डिन. आपली तारलीच. जून ते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर सीझन, तुम्ही शेपटाला पोचताय पण मिळतील. जून महिन्यात सांतो आंतोनियोच्या रात्री, म्हणजे १२ तारखेला, अल्फामाच्या सगळ्या बोळांत शेगड्या पेटतात आणि पूर्ण वस्तीवर धूर, ते तुमचं चुकलंच, असो. पोट न साफ करता खडं मीठ लावून कोळशावर अख्खी भाजतात, मसाला शून्य. आमच्या घरी कुणी असं वाढलं असतं तर आईनं ताट परत पाठवलं असतं. पण खायची रीत बघा: प्लेटमध्ये आधी जाड पावाची स्लाइस, तिच्यावर मासा ठेवायचा, बोटांनी मांस सोडवून खायचं, काटा-चमचा बाजूला. दोन-तीन मासे होईपर्यंत खालचा पाव सगळं तेल पिऊन बसलेला असतो. तो शेवटी खायचा. मला विचाराल तर मी त्या पावासाठीच सार्डिन मागवतो.

दुसरं, तिसऱ्या. मेनूवर 'आमेइजोआश आ बुल्याउं पातु' शोधा, एका कवीच्या नावावरून आहे. लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि मूठभर कोथिंबीर! युरोपात कोथिंबीर एवढी सढळ हातानं घालणारे हेच. खालचा रस पावानं पुसून घ्या, सगळेच तसं करतात.

तिसरं, बाकाल्याउ, खारवलेला सुका कॉड. गंमत म्हणजे हा मासा यांच्या समुद्रात मिळतच नाही, शेकडो वर्षं उत्तरेकडून, नॉर्वेकडून वगैरे आणतात आणि तोच यांचा राष्ट्रीय मासा. कैश दो सोद्रेकडे जाताना रुआ दु आर्सेनालवर दुकानं लागतात, फळ्यांसारखे कडक मासे टांगलेले, गिऱ्हाईक सांगेल तसे कापून देतात. वासानं मला थेट मालवणच्या बाजारातली सुक्याची लाइन आठवली. दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजवतात तेव्हा कुठे खाण्याजोगा होतो. पहिल्यांदा खात असाल तर 'आ ब्राश' घ्या, बारीक बटाट्याच्या सळ्या, कांदा, अंडं आणि मासा एकत्र परतलेला. पोरगंही खाईल.

निमा
@वेंगुर्लेकर रात्री दोन वाजता हे वाचलं, आता घरात फक्त मारी बिस्कीट आहे. धन्यवाद.

डॉ_भुक्कड
मासेखाऊंसाठी सेर्व्हेजारिया रामिरो कसं कुणी लिहिलं नाही अजून? १९५६ चं, आल्मिरांते रेइश अ‍ॅव्हेन्यूवर. कोळंबी, खेकडे, क्लॅम्स, बरंचसं वजनावर. पर्सेबेश नावाचा प्रकार आहे, लाटा आपटणाऱ्या खडकांना चिकटलेला, ड्रॅगनच्या नखासारखा दिसतो, पिळून कातडं ओढायचं, पाणी शेजारच्याच्या शर्टावर उडतं, आतला गुलाबी तुकडा म्हणजे समुद्राची चव. आणि गंमत म्हणजे शेवटी डेझर्टऐवजी लोक प्रेगो मागवतात, पावात घातलेला लसणीचा स्टेक. बीफ असतं, तुम्ही खात नसाल तर सोडा.

मध्यमवर्गीय
रामिरो चांगलं आहे, पण वजनाचा भाव न विचारता 'आण रे तीन-चार' म्हणालात तर ईएमआय करावा लागेल. आणि एवढी रांग. माझं मत, तेवढ्या पैशात फेरीबोटीनं काशिल्यशला जा. कैश दो सोद्रेहून दहा मिनिटं, पलीकडच्या काठावर धक्क्याच्या आसपासच माशांची हॉटेलं, आणि समोर संध्याकाळी पूर्ण लिस्बन दिसतं. बोटीचा प्रवास मुलालाही आवडेल, तिकीट शहरी वाहतुकीच्या कार्डावर.

डॉ_भुक्कड
रामिरोला जाऊन भाव न विचारणारा मराठी माणूस मी अजून पाहिला नाही.

पांढरपेशा
थोडं कडवट लिहितो. एवढे पैसे खर्चून युरोपात जायचं आणि तिथे डाळभात नाहीतर इंडियन रेस्टॉरंट शोधायचं हे मला कधी कळलं नाही. दोन-चार दिवस ब्रेड-चीज खाऊन माणूस मरत नाही.

आज्जीबाई
@पांढरपेशा माझं वय ७१. दोन दिवस ब्रेड-चीज मीही खाते, पण तिसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही की तुमचं म्युझियम बघायला कोण येणार? तुम्ही एकटे फिरा की हवं ते खात. कुटुंब नेलं की सगळ्यांच्या पोटाचा विचार नेणाऱ्यानं करायचा असतो.

सावनी, तुझ्या सासूबाईंसाठी सांगते. लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, तिथल्या हिंदू समाजाचं. त्याच्या आवारात कँटीन आहे, पूर्ण शाकाहारी, बाहेरच्यांनाही जेवता येतं. ही मंडळी मूळ गुजराती, बरीचशी दीवची, मोझांबिकला स्थायिक झाली होती आणि १९७५ च्या सुमारास तो देश स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालला आली. ताटात भात, डाळ, भाजी, रोटी. वाढणारी बाई माझ्याशी गुजरातीत आणि गल्ल्यावरच्या पोराशी पोर्तुगीजमध्ये बोलत होती, मी आपली मराठीत उत्तरं देत होते, सगळं व्यवस्थित झालं. मेट्रोनं जाता येतं, जेवणाच्या वेळा फोन करून विचारा.

पांढरपेशा
आज्जी, तलवार म्यान. कँटीन पर्यटनस्थळ म्हणूनच बघायला पाहिजे असं वाटायला लागलं.

मडगांवकार
गोव्याची माणसं कुणी नाहीत वाटतं इथे. अहो लिस्बनला गेलात आणि गोंयचें जेवण नाही जेवलात? मोरारियात 'तेंतासोंइश द गोआ' आणि सांव बेंतुकडे 'कांतिन्यु दा पाज़', दोन्ही लहान जागा, बुक करून जावं. शाकुती, सारापातेल, कोळंबीची करी, शेवटी बेबिंका. तिखट कमी असतं हे आधीच सांगतो, तिथल्या जिभेला जमेल असं केलेलं असतं, वेटरला 'अजून तिखट' सांगितलं तर आनंदानं करून देतात, उलट खूश होतात. आल्कांतराला 'काझा द गोआ' म्हणून गोंयकारांची संस्थाही आहे. माझे काका साठच्या दशकात तिकडे गेले ते तिकडचेच झाले, रविवारी मासची आमोटी अजून घरी होते.

आणि एक सावधानता. लिस्बनच्या प्रत्येक कॅफेच्या काचेत समोसा दिसेल, चमुसा म्हणतात. आपलाच प्रवास करून गेलेला. पण आत बहुतेक वेळा बीफ नाहीतर चिकन असतं, सासूबाईंना 'बघा आपला समोसा' म्हणून हातात देऊ नका.

सावनी_के
बापरे, हे मी नक्की केलं असतं. 😅 थँक्स मडगांवकार.

टकलूशेठ
तसंच आणखी एक. रुआ दु लोरेतुवर 'काज़ा दा इंडिया' नावाचं हॉटेल आहे. नावाला भुलून आमचा ग्रुप बटर चिकनच्या आशेनं आत घुसला. आत एकाही भारतीय पदार्थाचा पत्ता नाही! निखाऱ्यावरचं चिकन, मासे आणि फ्राइज. पण चिकन असं फर्मास की कुणी तक्रार केली नाही. तुमच्या लेकासाठी एकदम परफेक्ट. चिकनला पिरी-पिरीचं तेल वेगळं देतात, ब्रश मारून किंवा बाटलीतून, म्हणजे त्याला फिकं, तुम्हाला तिखट.

निमा
मुलं असली तर कैश दो सोद्रेचा टाइम आउट मार्केट पण सोयीचा. जुनी बाजाराची इमारत, २०१४ पासून एका बाजूला फूड हॉल. एकाला मासे, एकाला बर्गर, एकाला सॅलड, सगळे एका टेबलावर. जाणकार नाकं मुरडतात, महागही आहे, दुपारी दीडला टेबल मिळवणं म्हणजे दादर स्टेशन. पण चार तोंडांना चार चवी हव्या असतील तर वाद मिटतो.

लिस्बोआकर
नाक मुरडणारा मी. इमारतीचा दुसरा अर्धा भाग अजून खरा बाजार आहे, सकाळी लवकर तिथे जा, मासे आणि भाजी बघा, सप्टेंबरात अंजीर असतात, सासूबाईंसाठी घ्या.

खमंग
चहा मिळतो का हो? कॉफी झेपत नाही आमच्या घरी.

इतिहासवेडा
हा प्रश्न पोर्तुगीजांना विचारणं म्हणजे कमाल आहे :) इंग्लंडच्या दरबारात चहाचं फॅड पसरवलं ते ब्रागांझाच्या कॅथरीननं, पोर्तुगालची राजकन्या. १६६२ ला दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं आणि तिच्या आंदणात मुंबई होती. म्हणजे मुंबई गेली आणि चहा रुजला असा सौदा. पोर्तुगालचा स्वतःचा चहाही आहे, अझोर्समध्ये साव मिगेल बेटावर गोर्रियाना नावाचा मळा १८८३ पासून आहे. सुपरमार्केटला पाकीट मिळतं.

खमंग
मुंबई दिली तरी कॅफेत दूध वेगळं मागावं लागतं, आणि ते थंड येतं.

मध्यमवर्गीय
विषयांतराचे पॉइंट इतिहासवेडांना.

कुरकुऱ्या
जिंजिन्या राहिली. रोसियु चौकाजवळ साव दोमिंगुशच्या चर्चसमोर एक भिंतीतलं भोक, नाव 'आ जिंजिन्या', १८४० पासून. आंबट चेरीची दारू, छोट्या कपात, फळासकट हवी की नुसती एवढंच विचारतात. फळासकट घ्या आणि बी फुटपाथवर थुंकू नका, थुंकतात म्हणून चिकट झालाय सगळा भाग.

सावनी_के
वा! मी तर नवऱ्याला दाखवायला स्क्रीनशॉट काढले. पण मूळ प्रश्नाचं अजून अर्धंच झालंय. मंदिर एक दिवस, बाकीच्या दिवशी सासूबाई काय खाणार? रोज लुमियारला जाणं जमणार नाही.

लिस्बोआकर
बरोबर आहे, मासेखाऊंच्या नादात तो मुद्दा मागे पडला.

तश्कात सूप जवळपास रोज असतं, बहुतेक वेळा गाजर-बटाटा-भोपळा-पानांचं, मिक्सरमधून काढलेलं. विचारून घ्या, कारण स्टॉक मांसाचा असू शकतो. काल्दु व्हेर्द नावाचं हिरवं सूप दिसायला निरागस असतं, पण वर सॉसेजची चकती तरंगते आणि ती काढून टाकली तरी चव उतरलेली असतेच, ते टाळा. हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा: 'सें कार्न, सें पेइश, सें ओव्हुश', मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर जुन्या पिढीचा मालक ट्यूना घातलेलं सॅलड आणेल, कारण त्याच्या मते मासा म्हणजे मांस नव्हेच. अलीकडे परिस्थिती बरीच सुधारलीये, २०१७ च्या कायद्यानं शाळा, हॉस्पिटलं अशा सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी पर्याय द्यावाच लागतो, आणि शहरात व्हेगन हॉटेलंही बरीच झालीत. शियादोत 'आओ २६' आहे, तिथे पोर्तुगीज पदार्थच मांसाशिवाय करतात, म्हणजे सासूबाईंनाही इथलं काही खाल्ल्यासारखं होईल. व्हेगन शब्द बघायचा, अंड्याचा प्रश्नच मिटतो.

निमा
गोडाचं मी सांगते. सांतिनी आइस्क्रीम, १९४९ पासूनचं कॅशकैशकडचं, शियादोत शाखा आहे. दुधाच्या फ्लेवर्सबद्दल विचारून घ्या, पण फळांचं सॉर्बे बिनधास्त. स्ट्रॉबेरीचं घ्याच.

आज्जीबाई
आणि मोरारियात, मार्टिम मोनिजच्या चौकाच्या मागच्या गल्ल्यांत बांगलादेशी, नेपाळी, गुजराती दुकानं आहेत. तिथून दही, पोहे, मिरच्या मिळतात. हॉटेलऐवजी किचन असलेला फ्लॅट घेतला असतास तर सकाळचे पोहे झाले असते. अजून रद्द करता येतं का बघ.

पांढरपेशा
आज्जी, त्यांचं बुकिंग झालंय!

आज्जीबाई
मी फक्त विचारलं.

सावनी_के
आज्जी 😂 फ्लॅटच आहे, इंडक्शनसुद्धा आहे, पोहे होणार.

सगळ्यांचं ऐकून प्लॅन केलाय: रविवारी दुपारी उतरतोय, संध्याकाळी काज़ा दा इंडियाला चिकन. सोमवारी रात्री रामिरो. मंगळवारी सकाळी बेलें (फिरस्ता जिंकले) आणि परतताना मांतेइगारिया (डॉ. भुक्कडही जिंकले). बुधवारी मंदिर कँटीन. गुरुवारी काशिल्यश. मधल्या सगळ्या दुपारी तश्का. एक संध्याकाळ गोंयच्या जेवणाला, बुकिंग मिळेल तशी.

लिस्बोआकर
सोमवारी रामिरो बंद असतं. गुरुवारशी अदलाबदल करा, पण काशिल्यशलाही सोमवारी बंद असणारी हॉटेलं आहेत, सोमवार इथल्या सुट्टीचाच वार. सोमवारी मोरारिया करा, तिकडची दुकानं चालू असतात.

मध्यमवर्गीय
आणि ट्राम २८ मध्ये चढलात तर पाकीट पुढच्या खिशात. भरल्या पोटी लक्ष राहत नाही.

खमंग
आम्हीही जाणार आहोत, पण पोर्तोला. तिथलं सांगाल का?

टकलूशेठ
वेगळा धागा काढा हो, इथे अजून बेलें की मांतेइगारिया याचा निकाल लागायचाय.